काळ्या दगडावरची रेघ

एखादी गोष्ट आता बदलायची नाही, असे सांगायचे असले की आपण म्हणतो, ही काळ्या दगडावरची रेघ. हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. पण ती रेघ खरोखरची असते, डोळ्यांना दिसते, हे मला फार उशिरा कळले. पावसाळा सरता सरता कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढताना, नाहीतर माळशेज घाटात कुठे थांबून समोरच्या कड्याकडे पाहावे. उभा काळा कातळ, त्याखाली गवताचा उतरता हिरवा पट्टा, पुन्हा उभा कातळ, पुन्हा पट्टा. दोन कातळांच्या सांध्यावर एक आडवी रेघ दूरवर गेलेली असते. कुठे ती गेरूसारखी तांबडी, कुठे ओलीगच्च, कुठे नुसती झुडपांची रांग. दरीपाशी ती तुटते आणि पलीकडच्या डोंगरावर जवळजवळ त्याच उंचीला पुन्हा सापडते. हे पुस्तक त्या रेघेविषयी आहे.

आधी तो दगड कसा आला ते सांगते. ज्वालामुखी म्हटले की शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या माथ्यातून उसळणारी आग डोळ्यांपुढे येते. दख्खनचे बहुतेक काम तसे झालेले नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथली भूमी लांबच लांब भेगांनी उलली आणि त्या भेगांमधून पातळ लाव्हा वर येऊन सखल भागाकडे पसरत गेला. थिजला, की त्याचा काळा बेसॉल्ट झाला. मग काही काळ शांतता. मग पुन्हा लाव्हा, आधीच्या थरावर नवा थर. याच सुमारास पृथ्वीवरचे डायनोसॉर संपले. त्यात अवकाशातून येऊन आदळलेल्या अशनीचा वाटा किती आणि दख्खनच्या या उद्रेकांचा किती, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. झीज होऊन जे उरले, तेच आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरते. महाराष्ट्राच्या भूमीचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग या एकाच दगडाचा आहे. पूर्व विदर्भ आणि सिंधुदुर्गाचा दक्षिण भाग सोडला, तर पहार मारू तिथे खाली हाच.

सह्याद्रीत या थरांची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते, पूर्वेकडे ती उतरत जाते. कोयनेच्या परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल विवर घेतले, तेव्हा १,२४७ मीटरवर बेसॉल्ट संपून त्याखालचा कितीतरी जुना खडक लागला. लातूरकडच्या किल्लारीत तो ३३८ मीटरवरच लागला होता. भूवैज्ञानिकांनी या थरांचे गट पाडले आणि त्यांना नावे दिली ती आपल्या गावांची आणि घाटांची: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा. खालून वर जाणारी ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा एसटीच्या फलकावरची गावे कुणी जमिनीच्या पोटात एकावर एक रचून ठेवली आहेत, असे वाटले होते. त्या आनंदातूनच या पुस्तकाची पहिली टिपणे झाली.

आता रेघेकडे येऊ. एक थर थिजल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये वेळ जायचा. कधी थोडा, कधी हजारो वर्षांचा. तेवढ्यात खालच्या थराचा माथा ऊनपावसाने कुजायचा, त्याची माती व्हायची, गवत-झाडे यायची, खळग्यांत तळी साचायची. मग नवा लाव्हा येऊन ती माती भाजून काढायचा. भाजलेली ती माती म्हणजे कड्यावरचा तांबडा पट्टा. मुंबईत वरळीला अशाच दोन थरांच्या मधल्या तळ्याच्या गाळात लहानशा बेडकांचे सांगाडे सापडले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याजवळ मोहगाव कलान इथल्या अशाच थरात ताडाच्या कुळातली फळे दगड होऊन राहिली होती. आग पसरलेल्या जमिनीवर बेडूक परत आले, डुंबले, अंडी घालून गेले. तो सगळा मधला काळ रेघेत मावलेला आहे.

खुद्द थरही आतून सारखा नसतो. लाव्हा थिजताना त्यातले वायू बुडबुड्यांनी वर येतात आणि माथ्याशी अडकतात, म्हणून थराचा वरचा भाग जाळीदार, हलका. पुढे त्या पोकळ्यांत पाण्यातून क्षार बसून स्फटिक होतात. नाशिक-जळगावकडचे, पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतले हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत, आणि वाघोलीचे गर्द निळे कॅव्हनसाइट तर त्यांत नावाजलेले. थराचा गाभा मात्र घट्ट असतो, घण मारला तर घणच उडतो. विहीर खणणाऱ्यांना हे सगळे पुस्तकाशिवाय ठाऊक होते. वर मुरूम, त्याखाली भोकाभोकांचा मऊ तो मांजऱ्या, आणि मग पाषाण. मांजऱ्या लागला की त्यांच्या चेहऱ्यावर आशा दिसते, कारण पाणी राहते ते तिथे, किंवा पाषाण फुटून चिरा पडल्या असतील तिथे, आणि दोन थरांच्या सांध्यावर. अखंड पाषाणात पाणी नाही.

घट्ट थर उभा तुटतो, मऊ थर उताराने झिजतो. म्हणून सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. युरोपातल्या अभ्यासकांनी असल्या दगडाला ‘ट्रॅप’ म्हटले ते स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून, आणि पुढे ‘डेक्कन ट्रॅप’ हेच नाव रूढ झाले. आपल्याकडे तर नदीच्या पायऱ्यांनाही घाट म्हणतात आणि डोंगर चढून जाणाऱ्या वाटेलाही घाट. दोन दूरच्या भाषांनी एकच गोष्ट पाहिली, याचे मला अजूनही नवल वाटते.

याच जिन्याने महाराष्ट्राचे पाणी वाटून दिले. गोदावरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, भीमा भीमाशंकरला, कृष्णा महाबळेश्वरला. पश्चिमेचा समुद्र तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही, तरी या नद्या त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला, बंगालच्या उपसागरापर्यंत जातात. कड्याच्या पश्चिमेला तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि पूर्वेला ऐंशी-शंभर किलोमीटरवर दुष्काळी माण आणि खटाव. देश आणि कोकण हे आपल्या मनातले दोन प्रदेश त्या कड्याने पाडलेले आहेत. भात आणि भाकरी हा फरकही त्यानेच घातला.

माणसाने या दगडाला हात घातला तो आधी हत्यारांसाठी. नेवाशाला प्रवरेच्या काठी ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेली अश्मयुगीन अवजारे पाहिली की कळते, या काठावर माणूस किती जुना आहे. पण दगडाशी खरे बोलणे झाले ते लेण्यांत, आणि या पुस्तकातली सर्वांत मोठी दोन प्रकरणे मी त्यांनाच दिली आहेत. भारतातली बहुसंख्य लेणी महाराष्ट्रात आहेत. बौद्ध भिक्षू इतरत्रही होते, व्यापारी मार्ग इतरत्रही होते, दानशूर राजे आणि शेठ तर सगळीकडे. पण जाड, आडवा, भेगा कमी असलेला थर उभ्या कड्यात उघडा पडलेला, आणि तोही घाटवाटेच्या तोंडाशी, हे इथेच सहज मिळत होते. जुन्नरच्या चारी बाजूंना लेणी आहेत आणि तिथूनच नाणेघाट कोकणात उतरतो. त्या घाटाच्या माथ्यावरच्या गुहेत सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणांचे जे आकडे कोरले आहेत, ते ब्राह्मी अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत मोडतात. बाहेर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. हिशेबाची पहिली रेघ आपण काळ्या दगडावरच ओढली.

लेणे कोरताना छतापासून सुरुवात करून खाली येत. पायाखालचा न कोरलेला दगड हाच त्यांचा पाड, वेगळी परांची लागत नसे. अजिंठ्याचे चोविसावे लेणे अर्धवट राहिले म्हणून आपल्याला हे काम मध्येच थांबलेल्या हातासारखे पाहता येते: समांतर चर, त्यांच्या मधल्या उरलेल्या भिंती, अजून दगडात रुतलेले खांब. वेरूळच्या कैलासात तर डोंगराच्या माथ्यावरून खाली उतरत शंभर फुटांच्या आसपास खोल गेले आणि आत देऊळ उरवले. राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळातले, आठव्या शतकातले हे काम. चुकीचा टवका उडाला तर तो परत लावायची सोय नव्हती. दगड आतून कसा असेल, पुढे मऊ थर तर येणार नाही, हे आधी ओळखल्याशिवाय असल्या कामाला कुणी छिन्नी लावणार नाही. ही ओळख कुणाची होती? कार्ल्याच्या चैत्याचा लेख वैजयंतीच्या भूतपाल शेठचे नाव सांगतो. तिथले काही खांब धेनुकाकटच्या यवनांनी दिले, हेही लेखांत आहे. कान्हेरीच्या चैत्यात ‘सेलवढकी’ हा दगडकाम करणाऱ्यांचा शब्द येतो, आणि तो वाचताना मी पुष्कळ वेळ तिथेच उभी राहिले होते. दान देणाऱ्यांची नावे शेकड्यांनी आहेत, कोरणाऱ्यांची बोटांवर मोजण्याइतकी.

लेण्यांच्या लेखांत आणखी एक शब्द पुन्हा पुन्हा भेटतो, ‘पोढी’. म्हणजे पाण्याचे टाके. भिक्षूंसाठी कुणी खोली कोरून दिली, कुणी पोढी. हीच टाकी पुढे गडांवर दिसतात. पुष्कळ ठिकाणी ती बरोबर कड्याच्या पोटात, जिथे सांध्यातून पाणी झिरपते तिथे खोदलेली आहेत. जेठ महिन्यात खाली गावातली विहीर आटलेली आणि वर गडाच्या टाक्यात गार पाणी, हे डोंगर भटकणाऱ्या सगळ्यांनी अनुभवले असेल. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या आज्ञापत्रात गडाविषयी सांगताना आधी पाणी पाहावे, मग गड बांधावा, असे बजावले आहे, आणि एका झऱ्यावर विसंबू नये हेही. मला तो सगळा भाग दगड वाचणाऱ्या माणसाचा वाटतो.

आपण गडांचे वर्णन करतो ते बालेकिल्ला आणि माची या शब्दांनी. राजगडाकडे जरा लांबून पाहिले तर या दोन शब्दांचा अर्थ लागतो. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या म्हणजे झिजून उघडी पडलेली पायरी, आणि बालेकिल्ला म्हणजे तिच्यावर उरलेला वरच्या थराचा तुकडा. निम्मी तटबंदी डोंगराने आधीच बांधून ठेवली होती. शिवाजी महाराजांची दृष्टी यात आहे की त्यांनी ती ओळखली आणि जिथे कातळ अपुरा पडला तिथेच चिरा लावला. रायगडावर बांधकामाला लागणारा दगड गडावरच काढला आणि त्या खाणींची तळी झाली. एका कामात दोन कामे. १८१८ साली मराठी राज्य गेल्यावर इंग्रजांनी कितीतरी गडांच्या कोरीव पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. तोफा गेल्या, शिबंदी गेली, तरी नुसत्या कातळाची आणि जिन्याची त्यांना धास्ती होती. अलंग-मदनच्या तुटक्या कड्यांवर आज दोर लावून चढताना त्या धास्तीचा माग हाताला लागतो. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यातला जिंजी तमिळनाडूत, ग्रॅनाइटच्या गोल धोंड्यांवर उभा आहे. त्याचे चढ वेगळे आणि तट वेगळे, कारण दगड वेगळा.

दगड कुजला की काळी होते. मराठी गावगाड्यात जमिनीचे दोन भाग, काळी आणि पांढरी: काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. बेसॉल्टच्या या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाने आकसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती त्यांत पडते, पावसात सगळे पुन्हा एक होते. ती ओल धरून ठेवते, म्हणूनच पाऊस गेल्यावर पेरलेली शाळू नुसत्या थंडीवर आणि त्या ओलीवर येते. कापूसही तिचाच. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१ पासून तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा मुंबई एकाएकी श्रीमंत झाली ती या मातीवर. त्याच सुमारास, १८६३ साली, बोरघाटातून रेल्वे वर चढली. पंचवीस बोगदे आणि ३७ फुटांना एक फूट चढ. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच काळात वारला आणि त्याची पत्नी अॅलिस हिने ते काम पुढे नेले. पटकीने आणि सुरुंगांनी जे हजारो मजूर तिथे मेले, त्यांचा एखादा स्मृतिदगडही मला त्या घाटात सापडलेला नाही. त्यांच्यावरचे प्रकरण छोटे आहे. ते मोठे व्हायला हवे होते.

घरातला दगड मात्र जाते. पाटा, वरवंटा, उखळ आणि जाते हे सगळे पाथरवटाने घडवलेले. गुळगुळीत झालेल्या जात्याला टाकी लावायला तो वर्षातून एकदा दारी यायचा आणि दिवसभर ठक ठक चालायची. टाकी लावलेल्या जात्याचे पहिले पीठ आजी बाजूला काढायची, त्यात दगडाची कच असायची. त्या जात्यावर पहाटे म्हटलेल्या ओव्या गी प्वात्वां आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून एक लाखांहून अधिक जमवल्या. ज्या बायांना लिहिता येत नव्हते त्यांची केवढी मोठी वाणी ही! भाऊ, माहेर, सीता, विठ्ठल आणि कमालीची एकटी दुःखे. जाते गेल्यावर ती म्हणायची जागाही गेली.

हा दगड घातकही आहे, आणि ते लिहिल्याशिवाय या पुस्तकाला अर्थ नव्हता. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागातल्या भूकंपात हजारो माणसे मेली ती बहुतेक स्वतःच्या घराच्या भिंतींखाली. दोन-तीन फूट रुंद भिंती, गोलसर काळे धोंडे मातीत बसवलेले, दोन्ही अंगे बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही, आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारे ते घर पिढ्यान् पिढ्या चांगले म्हणून बांधले जात होते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गेले. मुसळधार पावसात वरची माती आणि मुरूम पाण्याने जड होऊन खालच्या कातळावरून घसरले. २०२१ साली तळिये, २०२३ साली इर्शाळवाडी. गडावरचे टाके भरणारे पाणी आणि ही वस्ती गाडणारे पाणी एकाच वाटेने मुरते. उतार आडवे कापून रस्ते, बंगले, सपाटीकरणे चालली आहेत, तिथे उभे राहून कुणीतरी रेघ कुठे आहे एवढे तरी आधी पाहावे, असे मला कळकळीने वाटते.

पुस्तकातली प्रकरणे कशीही वाचली तरी चालतील. ज्यांना आधी दगडच समजून घ्यायचा आहे त्यांनी पहिली तीन वाचावीत. बाकीच्यांनी आपल्या गावाजवळच्या लेण्यापासून, गडापासून किंवा विहिरीपासून सुरुवात करावी. माझी सुरुवात विहिरीपासून झाली होती, हे मलाच लिहिता लिहिता उमगले.

बहात्तरचा दुष्काळ. पुढच्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती, त्यांतली पुष्कळशी खडी फोडायला. माझी आई त्यांत होती. बोटांना चिंध्या बांधून ती संध्याकाळी यायची, आणि मिळालेली सुकडी आमच्यासाठी पदराला बांधून आणायची. आमची विहीर सहा परस होती, तळाला कोरडा पाषाण. वडिलांनी आणि चुलत्यांनी सुरुंग लावून आणखी एक परस खाली नेली, तरी काही नाही. मग एका वडाराने खाली उतरून भिंतीवरून तळवा फिरवला आणि खालून दीड हातावरच्या एका आडव्या तांबूस पट्ट्यावर कोळशाने खूण केली. खाली नको, इथे आडवे जा, म्हणाला. चार दिवस ते आडवे गेले. पाचव्या दिवशी मला दोराने पाटीत बसवून खाली सोडले होते, पाणी दाखवायला. पट्ट्याच्या वरच्या कडेने करंगळीएवढी धार येत होती. पाणी तांबडे होते. त्यानंतर तिसऱ्या दिवशी ते निवळले आणि आईने त्यातला पहिला हंडा भरला.